पणजोबांचे नाव कोणत्या कपाटात शोधायचे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रातील गावोगावची माणसे जुन्या नोंदी शोधू लागली आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या निमित्ताने तहसील कार्यालये, शाळा आणि भूमी अभिलेख खाते यांची दप्तरे उघडली गेली. 'कोतवाल बुक' (गावातील जन्म-मृत्यूंची नोंदवही), 'जनरल रजिस्टर' (शाळेतील प्रवेशांची नोंदवही), 'मोडी वाचक' हे शब्द ज्या घरांत कधी उच्चारले गेले नव्हते तिथे ते रोजच्या बोलण्यात आले. कुणबी जातीचा दाखला मिळाला की हा शोध थांबतो आणि त्यात गैर काही नाही. गरज तेवढ्यापुरतीच असते. परंतु त्या नोंदीतला माणूस कोण होता, कशावर पोट भरत होता, गाव सोडून का गेला, त्याच्या बायकोचे नाव काय होते, हे प्रश्न दाखल्यानंतरही अनेकांच्या मनात उरतात, असा माझा अनुभव आहे. या प्रश्नांची उत्तरे शोधण्याची एक जागा आपल्या शहरांतली मोठी सार्वजनिक ग्रंथालये ही आहे. तिथे हा शोध कसा चालतो, कुठे अडतो आणि तो अडू नये म्हणून काय करता येईल, हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मी निवृत्त शिक्षिका आहे. वडील गेल्यानंतर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक घडी घातलेला कागद सापडला. त्यावर वडिलांच्या अक्षरात एकाखाली एक सहा नावे लिहिलेली होती आणि सर्वांत वरच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होते. त्यातील माझ्या पणजोबांविषयी घरात तीनच गोष्टी ठाऊक होत्या : ते रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईस आले, छापखान्यात खिळे (छपाईची धातूची अक्षरे) जुळवण्याचे काम करीत, आणि गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगच्या, साथीत माघ महिन्याच्या वद्य पक्षात वारले. पितृपक्षात षष्ठीला त्यांचे पान वाढले जात असल्यामुळे तिथी घराने जपली होती. साल मात्र कुणालाही सांगता येत नव्हते. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत हे असेच असेल. तिथी पिढ्यान् पिढ्या टिकते, कारण ती दरवर्षी पाळावी लागते, आणि साल मात्र दोन पिढ्यांत पुसले जाते.

आधी मी त्र्यंबकेश्वरी गेले. तिथल्या आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्यांच्या चोपड्या असतात, हे बहुतेकांना माहीत आहे. क्षेत्री आलेला माणूस आपले गाव, बापाचे, आजाचे, भावांचे आणि मुलांचे नाव सांगतो, उपाध्ये ते लिहून घेतात आणि लिहिता येत असेल तर तो खाली सही करतो. आमच्या गावाची चोपडी निघाली. लांबट पानांवर काळ्या शाईची मोडी अक्षरे होती, कडा बोटांनी काळवंडल्या होत्या. पणजोबांच्या चुलतभावाने शके १८१९ च्या भाद्रपदात तिथे येऊन कुटुंबाची नोंद करविली होती आणि तीत पणजोबांच्या नावापुढे 'मयत' असे लिहिले होते. गुरुजींनी ती ओळ बोटाने दाखवून मोठ्याने वाचली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले हे सांगण्यास मला संकोच वाटत नाही. त्या ओळीत पणजोबांच्या वडिलांचे नाव आणि गावाचे नाव मिळाले. पुढच्या साऱ्या शोधाचा पाया ही एक ओळ ठरली.

त्यानंतर मी शहरातील एका मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात गेले. तिथे मागणीपत्रक हातात पडल्यावर खरी अडचण कळली. त्यावर ग्रंथाचे नाव, लेखकाचे नाव आणि दाखल क्रमांक (ग्रंथालयाने पुस्तकाला दिलेला नोंदीचा क्रमांक) अशा तीन रेघा होत्या. माझ्याजवळ यातले काहीच नव्हते. होते ते एका मेलेल्या माणसाचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि एक गाव. ग्रंथालयाची सारी मांडणी पुस्तकांवरून केलेली असते, आणि कुटुंबाचा इतिहास शोधणारा वाचक माणूस घेऊन येतो. या दोन टोकांना जोडणारे कुणीतरी मध्ये असावे लागते. माझ्या सुदैवाने तिथे निवृत्तीला आलेले एक जुने साहाय्यक होते. कोरे पत्रक पाहून त्यांनी विचारले, "बाई, माणूस कोणत्या सालात होता आणि काय काम करायचा, एवढं सांगा, पुस्तकाचं मी बघतो." संदर्भसेवा म्हणजे काय, हे मला त्या एका वाक्यात कळले.

त्यांनी पहिल्या दिवशी तीन गोष्टी टेबलावर आणून ठेवल्या. पहिली, कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८० साली निघालेला दहावा खंड, म्हणजे रत्नागिरी आणि सावंतवाडीचा. त्यात माझ्या पणजोबांचे नाव असण्याचे कारणच नव्हते; पण त्यांच्या लहानपणी त्या मुलखातली जमीन, पिके, बंदरे, वाटा कशा होत्या आणि तिथली माणसे मुंबईला कामाला का जात, हे मला त्यातून समजले. दुसरी, शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ही नोंद पाहिल्यावर आपल्या आडनावाचा किंवा आपल्या गावाशी संबंधित असलेला कुलवृत्तान्त (घराण्याचा इतिहास आणि वंशावळ) छापला गेला आहे का, हे कळू शकते. तिसरी, त्या काळातली पंचांगे आणि १८९६-९७ च्या वृत्तपत्रांच्या बांधीव फाइली.

साल कसे ठरले ते सांगते, कारण ही रीत इतरांच्याही उपयोगी पडेल. मुंबईत प्लेगचे निदान १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी केले. साथ पुढे बरीच वर्षे दर हिवाळ्यात उलटत राहिली, त्यामुळे 'प्लेगच्या साथीत वारले' एवढ्यावरून वर्ष ठरत नाही. परंतु चोपडीत शके १८१९ च्या भाद्रपदात ते मयत असल्याची नोंद आहे. साथीचा आरंभ आणि ही नोंद यांच्या दरम्यान माघ महिना एकदाच येतो, तो शके १८१८ चा. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो असे आपण शाळेत शिकतो, त्या हिशोबाने १८९६ येईल. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि माघ-फाल्गुन येईतो इंग्रजी वर्ष बदललेले असते, म्हणून तिथे ७९ मिळवावे लागतात. म्हणजे १८९७. पंचांगात माघ वद्य षष्ठी पाहिली, तर ती फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात येत होती. एकशे पंचवीस वर्षांहून अधिक काळ नुसती तिथी सांभाळणाऱ्या घराला त्या दुपारी साल मिळाले. वंशावळीतील कितीतरी तारखा या एका वर्षाच्या फरकाने चुकलेल्या असतात, हे मला पुढे इतरांची टिपणे पाहताना जाणवले.

त्या महिन्याची वृत्तपत्रे मी पाच दिवस वाचली. पणजोबांचे नाव कुठेही आले नाही आणि येणारही नव्हते, कारण छापखान्यातल्या कामगाराच्या मृत्यूची बातमी कोण देणार? पण मृतांचे आकडे होते, शहर सोडून जाणाऱ्या लाखो माणसांची वर्णने होती, हाफकिन यांच्या प्लेगवरील लसीविषयीची उलटसुलट मते होती. आमच्या घरात पणजीबद्दल एकच वाक्य सांगितले जात असे, ते म्हणजे 'ती पदरात मूल घेऊन बोटीने परत गेली'. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. ती बोट कोणत्या गर्दीतून निघाली असेल, हे मला वयाच्या साठीनंतर त्या फाइलींनी दाखवले.

पणजोबांचे नाव सापडले ते अगदी वेगळ्या जागी. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांच्या आरंभी किंवा शेवटी आश्रयदात्यांच्या याद्या छापलेल्या असतात. पुस्तक छापण्याआधीच प्रत घेण्याचे कबूल करणाऱ्यांची नावे, गावे आणि प्रतींची संख्या त्यांत असते. मोठ्या यादीत संस्थानिकांपासून शाळामास्तर आणि कारकुनांपर्यंत सारे असतात. त्या जुन्या साहाय्यकांनी मला सांगितले होते की पुस्तकाच्या माणसाचा माग पुस्तकातच काढावा. म्हणून १८९० च्या दशकात गिरगावात छापलेल्या पुस्तकांच्या याद्या मी एकेक करून पाहत गेले. सातव्या आठवड्यात एका धार्मिक पुस्तकाच्या शेवटी, डावीकडच्या रकान्यात, खालून चौथ्या ओळीत ते नाव होते : मागे 'रा. रा.', मग नाव, बापाचे नाव, आडनाव, आणि पुढे 'कंपाझिटर, गिरगांव, प्रत १'. ती यादी त्यांनी स्वतःच्या हाताने जुळवली असेल का, स्वतःच्या नावाचे खिळे त्यांनी स्वतः उचलले असतील का, हे सिद्ध करता येणार नाही आणि म्हणून मी माझ्या वहीत तसे लिहिलेले नाही. पण पगारदार कामगाराने पुस्तकाची एक प्रत विकत घेतली होती, एवढे निश्चित झाले. सहा नावांच्या त्या कागदावर जे नुसते नाव होते, त्याला आवड असलेला एक माणूस मिळाला.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. याच आडनावाची आणि याच नावाची आणखी दोन माणसे त्या काळात मुंबईत होती. त्यांतील एकाला, जो शिक्षक होता, मी जवळजवळ तीन महिने आपला पणजोबा समजत होते. बापाचे नाव वेगळे निघाले, तेव्हा सगळी टिपणे बाजूला ठेवावी लागली. नाव, बापाचे नाव आणि गाव या तिन्ही गोष्टी जुळल्याखेरीज कुणालाही पूर्वज मानू नये. त्यातही जुन्या नोंदींत आडनाव लावण्याची पद्धत सर्वत्र नव्हती. कित्येक ठिकाणी 'गणू वलद बाळू' (बाळूचा मुलगा गणू) एवढेच लिहिलेले असते आणि गावावरूनच घराणे ओळखावे लागते. इंग्रजी कागदांत आपली नावे ऐकू येतील तशी लिहिलेली असतात, म्हणून एकच आडनाव चार-पाच स्पेलिंगांनी शोधावे लागते.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत अधिक काळजी वाटते, तिच्याकडे वळते. मी ज्या फाइली वाचल्या, त्यांची पाने उलटताना कोपरे तुटून टेबलावर पडत होते. आठवड्याच्या शेवटी टेबल पुसले की तपकिरी चुरा फडक्यावर येई, आणि त्या चुऱ्यात कुणाची तरी नावे असतील या विचाराने जीव कासावीस होई. पुष्कळांना वाटते की जितका कागद जुना तितका तो नाजूक. प्रत्यक्षात पेशवाईतला हातकागद आजही सहज उलगडतो, कारण तो चिंध्यांच्या किंवा तागाच्या लगद्याचा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातले आणि त्याला खळ देताना वापरलेल्या तुरटीतले आम्ल त्या कागदाला आतूनच खात राहते. मुंबईची दमट हवा हे काम आणखी लवकर करते. म्हणजे १७८० चे पत्र टिकेल आणि १९२० चे वर्तमानपत्र टिकणार नाही, अशी स्थिती आहे. ज्यांच्या घराण्यांकडे सनदा, इनामपत्रे किंवा दप्तर होते, त्यांचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात बऱ्या अवस्थेत मिळू शकतील. ज्यांच्या पूर्वजांचा उल्लेख फक्त छापील चोपड्यांत, अहवालांत आणि वृत्तपत्रांत आहे, त्या साध्या माणसांची नावे मात्र आज आपल्या डोळ्यांसमोर चुरा होत आहेत.

या छापील पानांच्या संगणकीय प्रती करून ठेवल्या की प्रश्न सुटला, असेही नाही. मला एके ठिकाणी काही वर्षांची फाइल संगणकावर पाहायला मिळाली. पानांची छायाचित्रे चांगली होती, परंतु त्यांत शब्द शोधण्याची सोय होती तिथे 'गाव' असे लिहिल्यावर काहीच येत नव्हते. त्या काळात 'गांव' लिहीत, 'नांव' लिहीत, 'कांहीं' लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे अनुस्वार गेले आणि आजचा वाचक आजच्या लेखनाने जुन्या छपाईत शोधतो, त्यामुळे समोर असलेलेही त्याला सापडत नाही. ही बारीकशी गोष्ट आहे, पण शोधाच्या खिडकीशेजारी दोन ओळींची सूचना लावली असती तर माझे कित्येक दिवस वाचले असते.

कुलवृत्तान्तांबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. विसाव्या शतकात मराठीत असे ग्रंथ मोठ्या संख्येने निघाले. पोस्टकार्डे पाठवून, गावोगाव हिंडून, देवळांतल्या आणि उपाध्यायांच्या नोंदी तपासून माणसांनी ते पदरमोड करून तयार केले, आणि त्या कष्टांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण हे ग्रंथ प्रामुख्याने त्या घराण्यांचे आहेत ज्यांच्याकडे अक्षर आधी आले आणि वर्गणी जमवण्याची ऐपत होती. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गिरणीत, गोदीत, शेतात आयुष्य काढले, त्यांनी संदर्भ विभागात येऊन आपल्या आडनावाचा कुलवृत्तान्त मागितला, तर बहुधा रिकाम्या हाताने परत जावे लागेल. त्यांचा माग वेगळ्या कपाटांत आहे. १८७७ साली सुरू झालेल्या 'दीनबंधु' या वृत्तपत्राचे जे अंक उरले असतील त्यांत, १९२० चे 'मूकनायक' आणि १९२७ चे 'बहिष्कृत भारत' यांतल्या सभांच्या वृत्तांत, ज्ञातिसंस्थांच्या आणि कामगार संघटनांच्या अहवालांत, रात्रशाळांच्या बक्षीस समारंभांच्या पत्रिकांत, सार्वजनिक गणेशोत्सवांच्या स्मरणिकांत त्यांची नावे सापडू शकतात. हे साहित्य ग्रंथालयात असते, पण त्याची नोंद सूचीत क्वचितच नीट झालेली असते. पातळ, बांधणी नसलेली, लेखकाचे नाव नसलेली पुस्तिका कोणत्या वर्गांकाखाली ठेवायची हा प्रश्न सुटत नाही आणि ती गठ्ठ्यात जाते. मग जागा अपुरी पडली की निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या पुस्तकांच्या, यादीत पहिल्यांदा तिचाच क्रमांक लागतो. 'गेल्या चाळीस वर्षांत कुणी मागितली नाही' हे कारण त्यासाठी दिले जाते. जिचा पत्ताच सूचीत नाही ती कुणी कशी मागणार?

आणि स्त्रिया. वडिलांच्या कागदावरची सहाही नावे पुरुषांची होती. मी पाहिलेल्या एका कुलवृत्तान्तात एका गृहस्थाच्या नावापुढे 'निर्वंश' असे छापले आहे आणि त्याच पानाच्या तळटीपेत त्यांच्या तीन मुली कोणत्या गावी दिल्या ते लिहिले आहे. ते पान मी कितीतरी वेळ पाहत बसले. कुलवृत्तान्तकारांनी निदान माहेर-सासर नोंदवले, म्हणून त्या तिघी सापडतात तरी. इतर कागदांत बाई फक्त कुणाची तरी बायको किंवा आई म्हणून येते आणि लग्नात नाव बदललेले असले की माहेरच्या बाजूने तिचा धागा पूर्ण तुटतो. माझ्या पणजीचे लग्नाआधीचे नाव मला अजून मिळालेले नाही. तिच्या भावाचे नाव आणि गाव मिळाले आहे, त्यावरून शोध चालू आहे. जे वाचक आज आपल्या घरची वंशावळ लिहीत असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की घरातल्या वृद्ध स्त्रियांना त्यांचे माहेरचे पूर्ण नाव, आईचे नाव आणि आजोळचे गाव आजच विचारून लिहून ठेवावे. ते कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही.

माझे मागणे मोठे नाही. मुंबईत, ठाण्यात, पुण्यात शतकाहून अधिक वयाची ग्रंथालये आहेत. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. रत्नागिरीचे नगर वाचनालय तर १८२८ पासूनचे आणि पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे आहे. अशा संस्थांमध्ये आठवड्यातून एक दुपार कुटुंबेतिहास शोधणाऱ्या वाचकांसाठी राखून ठेवता येईल. त्या वेळी टेबलाशी एक जाणता माणूस बसावा, ज्याला मोडी वाचता येते, शक आणि फसली सन (जुन्या महसुली कागदांतले वर्ष) यांचा हिशोब माहीत आहे आणि कोणत्या कपाटात काय आहे हे ठाऊक आहे. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात आणि ते शिकलेल्या तरुणांना सरावासाठी कागद हवे असतात. त्यांना या टेबलाशी आणता येईल. आमच्यासारखे निवृत्त लोकही पुष्कळ आहेत, ज्यांना शुद्धलेखनाची सवय आहे आणि दुपारी वेळ आहे. आश्रयदात्यांच्या याद्या, संस्थांचे अहवाल, वृत्तपत्रांतल्या निधनवार्ता यांतली नावे गावासह उतरवून त्यांची अकारविल्हे सूची करण्याचे काम आम्ही विनामोबदला करू. मी स्वतः आश्रयदात्यांच्या एकवीस याद्यांची अशी सूची हाताने केली आहे. एका यादीला साधारण तीन दुपारी लागतात.

फोनने छायाचित्र घेऊ देण्याबाबतही सर्वत्र एक नियम असावा. फ्लॅश न वापरता, ठरावीक माफक शुल्क आकारून ही परवानगी दिली, तर तेच पान पुन्हा पुन्हा छायाप्रत यंत्रावर दाबावे लागणार नाही आणि बांधणीही कमी उसवेल.

वाचकांकडेही एक मागणे आहे. १९५४ च्या केंद्रीय कायद्यानुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची प्रत ज्या मोजक्या ग्रंथालयांना पाठवावी लागते, त्यांत मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. आपण कुलसंमेलनाच्या निमित्ताने वंशावळ छापतो, आजोबांच्या शताब्दीची पुस्तिका काढतो, आणि सगळ्या प्रती नातेवाइकांत वाटून मोकळे होतो. पन्नास वर्षांनी त्यातली एकही सापडत नाही. एक प्रत तिथे आणि एक आपल्या जिल्ह्याच्या ग्रंथालयात पाठवावी. घरातली जुनी पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, पासबुके, लग्नपत्रिकाही रद्दीत घालण्यापूर्वी ग्रंथालयाला विचारावे. यात कधी दत्तकाचे, दुसऱ्या लग्नाचे, दिवाळखोरीचे किंवा घरात न बोलल्या गेलेल्या एखाद्या मृत्यूचे कागद निघतील. हयात माणसांना ज्याने दुःख होईल ते तूर्त बंद ठेवण्याची अट घालूनही देणगी देता येते. जाळून टाकण्याची गरज नसते.

ज्या ग्रंथालयाने मला माझे पणजोबा दिले, तिथले ते जुने साहाय्यक आता निवृत्त झाले आहेत. सूची संगणकावर गेली तेव्हा जुनी कार्डे पोत्यांत भरून तळमजल्यावर ठेवली गेली, आणि कार्डांच्या पाठीवर त्यांनी आणि त्यांच्या आधीच्या लोकांनी पेन्सिलने लिहून ठेवलेल्या 'शेवटी यादी आहे', 'पृ. ११२ पासून वर्गणीदार' अशा खुणा संगणकात गेल्या नाहीत. त्या पोत्यांतील कार्डे नीट लावून देण्याची तयारी मी दोनदा लेखी कळवली आहे. माझी सहा पिढ्यांची वही आणि एकवीस याद्यांची सूची, अशी दोन्ही हस्तलिखिते मी गेल्या वर्षी त्याच ग्रंथालयाला दिली. ती स्वीकारली गेली, पोच मिळाली, पण त्यांना कोणता वर्ग द्यावा हे न ठरल्यामुळे दाखल क्रमांक अद्याप पडलेला नाही आणि तोवर ती कुणाला मागता येणार नाहीत. गेल्या महिन्यात चिपळूणकडचे एक गृहस्थ त्याच टेबलाशी कोरे मागणीपत्रक घेऊन बसलेले मी पाहिले. त्यांच्या पणजोबांचे गाव माझ्या सूचीत चौदाव्या पानावर आहे. मी त्यांना ते तोंडी सांगितले आणि त्यांनी पत्रकाच्या मागे लिहून घेतले.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे